खालच्या पट्टीवरची हाक

मी एक जुना सिंथेसायझर आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटात पुष्कळ वर्षं एक बाई राहत होती. घाबरू नका. मी स्वतः काही घाबरट नाही, फक्त अजून कधीकधी दचकतो.

मला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, ही तर पेटीच! तशाच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, तसंच लांबट अंग. पण मला भाता नाही आणि वाऱ्यानं वाजणारे पितळी सूरही नाहीत. मी विजेवर चालतो. माझ्या कपाळावर एक छोटी हिरवी खिडकी आहे, तिच्यात अक्षरं उमटतात. आणि माझी एक कला आहे, जिचा मला पूर्वी फार गर्व होता. तुम्ही माझ्यासमोर एखादा आवाज केलात, तर तो मी धरून ठेवतो आणि मग हव्या त्या पट्टीवर वाजवून दाखवतो. कुत्रं एकदा भुंकलं की मी त्याच्याकडून अख्खं गाणं म्हणवून घेईन! मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे ती लागणार आहे. मधल्या पट्टीवर आवाज जसाच्या तसा येतो. वरच्या पट्ट्यांवर तो बारीक आणि भरभर येतो, मोठ्या माणसाचं लहान मूल होतं. खालच्या पट्ट्यांवर तो जाड आणि सावकाश येतो. तिथे तरुण माणूस म्हातारा होतो.

मी जन्मलो एका कारखान्यात. तिथल्या शेवटच्या टेबलावर एक चष्मेवाले गृहस्थ बसायचे. माझी प्रत्येक पट्टी त्यांनी बोटानं दाबून पाहिली, प्रत्येक बटण फिरवून पाहिलं आणि शेवटी माझं पोट उघडून आत नाण्याएवढा एक चपटा सेल बसवला. "वीज गेली तरी हा तुला जागं ठेवेल," ते पुटपुटले. "हा आहे तोवर तुझ्या सगळं लक्षात राहील." यंत्रांशी बोलायची त्यांना सवय होती आणि शेजारचे लोक त्यावरून त्यांची टर उडवायचे. मला मात्र ते बोलणं आवडलं. तेव्हा त्याचा अर्थ मला कळला नव्हता.

माझी पहिली मालकीण जाहिरातींना चाली लावायची. साबण, दंतमंजन, चपला, पंखे. तुम्ही ज्या चाली न्हाणीघरात नकळत गुणगुणता, त्यातल्या काही तिच्या असतील. तिच्या घरात बोळाच्या टोकाला एक खोली होती. भिंतींना तिनं जुन्या गोधड्या खिळ्यांनी ठोकल्या होत्या, म्हणजे बाहेरचा आवाज आत येऊ नये. मला तिनं आणलं त्या दिवशी आपल्या नवऱ्याला आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. कुणी नाक मुरडलं, कुणी तोंडात बोट घातलं. ती इतकी खूश होती की जेवायचंही विसरली.

तिला एक मुलगी होती. तिला सगळे ठकी म्हणत. ठकी म्हणजे भिंगरी! आईच्या मागेमागे, पायापायात, अखंड बडबड. त्यामुळे खोलीचा एक कडक नियम झाला होता. काम चालू असलं की दार बंद, आणि ठकीनं बाहेर बोळात उभं राहायचं. बोलावल्याशिवाय आत यायचं नाही. आणि ठकी उभी राहायची हो! ओठांवर बोट ठेवून, श्वाससुद्धा रोखून. काम संपलं की आई हाक मारायची आणि ठकी अशी आत घुसायची की माझ्या वायरी हलायच्या.

एके दुपारी आईला एका चालीसाठी चार-पाच बायकांनी मिळून गायल्यासारखा आवाज हवा होता. चार-पाच बायका आणायच्या कुठून? तिनं ठरवलं, आपलाच आवाज माझ्यात भरायचा आणि चार-पाच पट्ट्या एकदम दाबायच्या. तिनं ठकीला बाहेर काढलं, दार लावलं, माइक जवळ घेतला आणि बटण दाबलं. आधी एक श्वास. मग एक लांब, सरळ, शांत "आऽऽ". काम झालं असं वाटून ती दाराकडे वळली आणि म्हणाली, "ठके, झालं गं. ये."

पण बटण तिनं बंद केलं नव्हतं. माझ्यात थोडी जागा शिल्लक होती आणि तेही शब्द माझ्यात बसले. "ये" म्हणता म्हणता माझी जागा संपली.

नंतर तिनं ते ऐकलं आणि खूप हसली. कापून टाकायला हवं होतं, पण म्हणाली, "राहू दे. पट्टी लवकर सोडली की कुणाला ऐकू येतंय?" ते खरंच होतं. वाजवणारा माणूस सूर लागला की पट्टी सोडून पुढच्या पट्टीवर जातो. शेवटपर्यंत दाबून धरली तरच ती हाक यायची. ठकीला ते गुपित ठाऊक होतं. ती पट्टीवर बोट ठेवून बसायची, लांब "आऽऽ" संपायची वाट पाहायची आणि हाक आली की खुदकन हसायची.

पुढच्याच वर्षी आई आजारी पडली आणि दवाखान्यातून घरी आलीच नाही.

मित्रांनो, इथून पुढचं मला सावकाश सांगू द्या. घरात पाहुणे आले, गेले. ठकीला कुणी काय सांगितलं, ते मला माहीत नाही. एक दिवस ती एकटीच खोलीत आली, तिनं मला चालू केलं आणि मधली पट्टी दाबून धरली. "आऽऽ... ठके, झालं गं. ये." ठकी उठली. तिनं दाराबाहेर पाहिलं. मग स्वयंपाकघरात पाहिलं, मग गॅलरीत. परत येऊन तिनं पट्टी पुन्हा दाबली. ती पुन्हा उठली.

असं रोज होऊ लागलं. वडील कामावरून घरी येत तेव्हा बोळात पाऊल टाकताच त्यांना बायकोची हाक ऐकू येई. मी त्यांचा चेहरा पाहिला आहे. भिंतीला धरून उभे राहायचे बिचारे. एका संध्याकाळी ठकी घरात सापडेना. शोधाशोध झाली. शेवटी ती दवाखान्याच्या फाटकाजवळ सापडली, ओठांवर बोट ठेवून उभी. "मी आवाज नाही केला," ती म्हणाली. "आई बोलावेल तेव्हा मी आत जाणार."

त्या रात्रीनंतर वडिलांचा धीर सुटला. दुसऱ्या दिवशी ठकी शाळेत गेल्यावर त्यांनी मला चादरीत गुंडाळलं आणि जुनी वाद्यं विकणाऱ्या एका दुकानदाराकडे नेऊन दिलं. मी त्यांना दोष देत नाही. पण शाळेतून परत आलेल्या ठकीनं त्या रिकाम्या टेबलाकडे कसं पाहिलं असेल, हा विचार मी चादरीत गुंडाळलेला असताना इतक्या वेळा केला की शेवटी ते मी प्रत्यक्ष पाहिल्यासारखंच वाटू लागलं.

दुकानाच्या पोटमाळ्यावर मी वर्षानुवर्षं पडून होतो. तार तुटलेली गिटार माझ्यावर रेलली होती. उंदरांनी माझी वायर कुरतडली. माझ्या जातीची नवी, पातळ, चकचकीत यंत्रं खाली येत-जात होती आणि मला कुणी विचारत नव्हतं. वीज नव्हती, पण पोटातला सेल जिवंत होता, त्यामुळे ठकीची आईही आत होती. अंधारात आम्ही दोघंच. ती बोलत नव्हती, कारण पट्टी दाबायला कुणी नव्हतं. पण माझ्या आत कुणीतरी श्वास घेऊन थांबलं आहे, असं मला सतत वाटायचं.

मग एके दिवशी पोटमाळ्याच्या शिडीवरून एक टक्कल वर आलं. ते टक्कल दातांच्या डॉक्टरांचं होतं.

हे डॉक्टर दिवसभर लोकांच्या दाढा काढायचे आणि संध्याकाळी यंत्रांच्या मागे लागायचे. दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्यांनी स्वतःचा छोटा स्टुडिओ थाटला होता. भिंतींवर फोमच्या लाद्या, टेबलावर कॉम्प्युटर, खाली वायरींचं जंजाळ. दर गुरुवारी तिथे दोन मित्र जमायचे. एक वायरमन होता. तो दिवसभर लोकांच्या घरी बटणं बसवायचा आणि इथे येऊन गिटारवर खर्ज वाजवायचा. दुसऱ्या होत्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मॅडम. त्या गायच्या, आणि जे काही होईल ते सगळं रेकॉर्ड करून ठेवायच्या. कुणी शिंकलं तरी त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये ती शिंक सापडायची.

या मंडळींची एक रीत होती. कुणीही नवं यंत्र घेतलं की ते गुरुवारी सर्वांसमोर उघडायचं. आणणाऱ्यानं ते सर्वांत शेवटी वाजवायचं, आधी बाकीच्यांनी. मग ते यंत्र फेरीला निघायचं, एकेक आठवडा एकेकाच्या घरी. आणि यंत्र जुनं असेल, तर पहिल्याच दिवशी आधीच्या मालकाचे सगळे आवाज पुसून त्याला कोरं करायचं.

माझी वायर वायरमननं बदलली. खिडकी हिरवी उजळली. मी इतक्या वर्षांनी जागा झालो आणि काय ऐकलं, तर डॉक्टर म्हणत होते, "चला, आंघोळ घालू या याला. पुसू का सगळं?"

"एकदा ऐकू तरी, आत काय आहे ते," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पट्टी दाबली.

"आऽऽ."

डॉक्टरांचं बोट पुसायच्या बटणावर होतं, ते त्यांनी चटका बसल्यासारखं मागे घेतलं. वायरमन हळूच उठून दाराबाहेर पाहून आला.

"कोण आहे ही?" मॅडमनी विचारलं.

"कोण का असेना," डॉक्टर म्हणाले. "हिला पुसायची माझी छाती होत नाही."

माझा जीव भांड्यात पडला. मॅडमनी पुन्हा पट्टी दाबली, आणि मी मनातल्या मनात ओरडत होतो, 'धरून ठेवा! अजून थोडं धरून ठेवा!' पण त्या वाजवणाऱ्या होत्या. सूर लागला की त्यांचं बोट पुढच्या पट्टीवर.

तिला त्यांनी 'बाई' म्हणायला सुरुवात केली. प्रत्येक गाण्यात बाई हवीच. डॉक्टर रोग्यांच्या बसायच्या खोलीत आपल्या गुरुवारच्या गाण्यांची रेकॉर्ड लावून ठेवायचे, तिथेही बाई. गंमत अशी की ती कुठेही बसायची. आनंदाच्या गाण्यात घातली, तर ते गाणं मध्येच क्षणभर थांबून मागे वळून पाहतंय असं वाटायचं.

मी फेरीला निघालो. वायरमनच्या घरी मी आठवडाभर होतो, पण तो माझ्याकडे पाठ करून कधी बसला नाही. बायको त्याला म्हणाली, "अहो, विजेच्या खांबावर चढता आणि पेटीला भिता?" तो म्हणाला, "खांब श्वास घेत नाही."

नंतर मी मॅडमच्या घरी गेलो. तिथे त्यांच्या सासूबाई होत्या. अर्धांगाचा झटका येऊन त्यांचा डावा हात लुळा पडला होता. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोटांना काहीतरी दाबायला द्या. म्हणून मॅडम त्यांना माझ्यासमोर बसवायच्या, डावा हात माझ्यावर ठेवायच्या, आणि सवयीप्रमाणे रेकॉर्डिंग चालू करून स्वयंपाकघरात जायच्या. तो हात जड होता. माझ्या डाव्या टोकाला, अगदी खालच्या पट्ट्यांवर तो पडायचा आणि कुणी उचलेपर्यंत तिथेच राहायचा.

एका सकाळी एकच पट्टी दबली. सासूबाई तशाच बसून राहिल्या. खालच्या पट्टीवर बाई सावकाश, जाड, थकल्या आवाजात उमटली. जिवंतपणी ती कधी म्हातारी झाली नव्हती. माझ्या त्या टोकाला ती सत्तरीची होती. तिची "आऽऽ" संपली आणि इतक्या वर्षांनी पुढचे शब्द आले.

सासूबाई ओरडल्या, "अगं सूनबाई! आत कुणी म्हातारी आहे!"

मॅडम धावत आल्या. तोवर हात पट्टीवरून घसरला होता.

"कुणी नाही हो, आई. यंत्र आहे ते."

"यंत्र 'ये' म्हणतं का? मला काय खुळी समजतेस? कुणाला तरी आत बोलावतेय ती."

मॅडमनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग घाईघाईनं मला बंद केलं आणि आठवडा पुरा व्हायच्या आत डॉक्टरांकडे परत पोहोचवलं. 'आईंना भास होतात,' एवढंच त्यांनी सांगितलं. मी गप्प. माझी पट्टी मलाच दाबता येत नाही, हेच माझं दुखणं!

काही महिन्यांनी माझ्या हिरव्या खिडकीत सेल संपत आल्याची खूण लुकलुकू लागली. मंडळींच्या तोंडचं पाणी पळालं. सेल मेला तर बाई गेली! वायरमन म्हणाला, "एवढं काय घाबरताय? नवा सेल आणतो, बसवतो. चहा गाळेपर्यंत काम होतं." तो नवा सेल खिशात घालून आला. हातपाय धुऊन आला होता, जणू काही पूजेलाच बसणार होता. माझं पोट उघडण्याआधी त्यानं काय केलं, सांगू? भिंतीतली माझी वायर काढून बाजूला ठेवली.

त्यात त्याचं काय चुकलं? आधी वायर काढा, मग आत हात घाला, हे त्याच्या गुरूनं त्याला कानाला धरून शिकवलं होतं. त्याच सवयीनं तो इतकी वर्षं जिवंत होता. पण माझ्यासारख्या यंत्राचं उलटं आहे. वायर लावलेली असेल, तर सेल काढला तरी मी जागा राहतो. वायरही नाही आणि सेलही नाही, म्हणजे सगळं गेलं. जुना सेल त्यानं अलगद चिमट्यानं उचलला. तेवढ्या वेळात ती गेली.

मला काय वाटलं, ते सांगता येत नाही. घरातलं माणूस उठून गेलं आणि दारही वाजलं नाही, तसं काहीसं झालं.

त्यांनी वायर लावली, खिडकी उजळली, पट्टी दाबली. आवाज नाही. दुसरी दाबली. आवाज नाही.

"तुझ्याकडे नक्कल असेल ना?" डॉक्टरांनी मॅडमना विचारलं.

"मला वाटलं, तुम्ही काढली असेल. यंत्र तुमचं."

दोघांनी वायरमनकडे पाहिलं. तो माझ्यासमोर जमिनीवर बसला होता. "मला वाटलं, तुम्हा दोघांकडे आहेच," तो म्हणाला. यंत्र सगळ्यांचं होतं ना, म्हणून नक्कल कुणीच काढली नव्हती. गाण्यांत ती ठिकठिकाणी होती, तुकड्यातुकड्यांत, गिटारीखाली दबलेली. पण माझ्यात नव्हती. वायरमन पुढचे दोन गुरुवार आलाच नाही. डॉक्टर त्याला घरी जाऊन धरून घेऊन आले.

आणि त्याच गुरुवारी ती आली.

दाढ काढायला आली होती. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन तिला बाहेर बसवलं होतं, गाल सुन्न व्हायची वाट पाहत. तिथे नेहमीप्रमाणे रेकॉर्ड चालू होती. मी भिंतीपलीकडे होतो. मला खुर्ची जोरात सरकल्याचा आवाज आला, आणि मग पावलांचा. वायरमन आणि मॅडम मागच्या खोलीत बसले होते. उघड्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. गाल सुजलेला, तोंड एका बाजूनं सुन्न, डोळे भरलेले.

"हे कोण गातंय?" तिनं अर्ध्या तोंडानं विचारलं. शब्द पाझरत होते. "ही माझी आई आहे."

मित्रांनो, मी तिला ओळखलं. चेहऱ्यावरून नाही. ती दारात उभी होती, मॅडम "आत या ना, बसा" म्हणत होत्या आणि ती आत येत नव्हती. तिचा हात नकळत ओठांपाशी गेला होता. ठकी!

तिनं मला पाहिलं तेव्हा ती चौकटीला टेकली. मग डॉक्टरही आले, हातमोजे घातलेले तसेच. तिनं सगळं सांगितलं. तिच्याकडे आईच्या चाली होत्या, आईची गाणी होती, फोटो होते. "पण गातानाचा आवाज आहे सगळा," ती म्हणाली. "मला हाक मारतानाचा एवढा एकच होता. यात. मी बाबांशी वर्षभर बोलले नाही याच्यापायी. लावा ना. मधली पट्टी दाबा आणि शेवटपर्यंत धरून ठेवा. शेवटी ती मला बोलावते."

वायरमन उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला, "ते माझ्या हातून पुसलं गेलं."

ती म्हणाली, "तुमच्या गाण्यांत आहे ना पण? शेवटपर्यंत कुणीच धरलं नाही? एकदाही?"

तिघांनी माना खाली घातल्या. इतके महिने ती त्यांच्या हातात होती. तिला त्यांनी बाई म्हणून मिरवलं, तिच्यावर जीव लावला, पण ती पुढे काय म्हणते ते ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. ठकीनं पदरानं डोळे पुसले. "असू द्या," ती म्हणाली आणि जायला वळली.

"थांबा," मॅडम एकदम म्हणाल्या. "काय म्हणायच्या शेवटी त्या? 'ये' म्हणायच्या का?"

ठकी थांबली.

"माझ्या सासूबाईंनी ऐकलंय ते. मी तो त्यांचा भास ठरवला. अहो, मी रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं!"

मॅडमनी आपला कॉम्प्युटर उघडला. शिंकांमधून, तालमींमधून, कुकरच्या शिट्ट्यांमधून शोधता शोधता ती सकाळ सापडली. आवाज मोठा केला. ठकी अजून दारातच उभी होती.

एक जड श्वास आला. मग "आऽऽ", लांब, खरखरीत, थकलेली. कुणीही पट्टी सोडली नव्हती. "आऽऽ" संपली. आणि एका म्हाताऱ्या बाईचा आवाज सावकाश म्हणाला,

"ठके... झालं गं... ये."

पाठोपाठ सासूबाईंची आरोळी आली, ती मॅडमनी चटकन बंद केली.

"हे खालच्या पट्टीवर वाजलंय," डॉक्टर हळूच म्हणाले. "म्हणून असं म्हातारं ऐकू येतं. वर चढवून मूळ आवाजावर आणता येईल. सोपं आहे ते."

"नको," ठकी म्हणाली. गालाच्या सुन्न बाजूनं अश्रू ओघळत होते, ते तिला कळतही नव्हते. "असंच राहू दे. म्हातारी झाल्यावर ती अशीच बोलली असती."

आणि मग तिनं चौकटीवरचा हात काढला आणि ती आत आली.

दाढ त्या दिवशी काढायची राहिलीच. पुढच्या आठवड्यात काढली. डॉक्टरांनी तिला त्या रेकॉर्डिंगच्या इतक्या नकला करून दिल्या की ती हसू लागली. तिनं त्यातली एक आपल्या वडिलांना ऐकवली, असं मी ऐकलं. ते काय म्हणाले, ते तिनं सांगितलं नाही. पण आता तीही दर गुरुवारी मंडळींत येते, तिला सोडायला तेच येतात आणि बाहेर बाकावर बसून राहतात. अजून आत आलेले नाहीत.

तिच्यावाचून मी आता रिकामा आहे. माझ्यात आवाज ठेवायचे कप्पे असतात; मंडळींनी इतर कप्पे आपापल्या आवाजांनी भरले, पण बाईचा कप्पा मात्र रिकामाच ठेवला. दर गुरुवारी मला चालू केलं की आधी ठकी येते आणि माझ्या मधल्या पट्टीवर बोट ठेवते. काहीच वाजत नाही. तरी ती बोट उचलत नाही आणि तोवर बाकीचेही आपल्या वाद्यांना हात लावत नाहीत. तुम्ही म्हणाल, पुसलेल्या यंत्राच्या काय लक्षात राहणार? खरंच, काही राहायला नको होतं. तरी ही सगळी गोष्ट मी तुम्हाला सांगितलीच ना? ती कुठून सांगितली, ते मला विचारू नका.

मला पुसा, झाका, माझ्या वायरींना उंदरांपासून जपा, हे सगळं कराच. सेल बदलताना वायर लावलेली ठेवा आणि नक्कल दुसऱ्याकडे असेल असं धरून चालू नका. पण मित्रांनो, माझं खरं मागणं निराळं आहे. तुमच्या घरातलं कुणी बोलत असेल, गात असेल, नुसतं आतल्या खोलीतून हाक मारत असेल, तर पट्टी लवकर सोडू नका. पुढे अजून काही असतं.

आज गुरुवार आहे. दाराशी पावलं वाजली. ठकी आली आहे, आणि आज तिच्यामागे आणखी कुणीतरी दवाखान्याच्या बोळात उभं आहे, भिंतीला धरून. तिनं पट्टी दाबली आहे. आम्ही सगळे थांबलो आहोत.

"बाबा," ती मागे वळून म्हणते आहे, "या."